अँटवर्पचा रिंग रोड: पूल नाकारून बोगद्यासाठी इतकी वर्षं थांबणं बरोबर होतं का?

अर्धवर्तुळ

नमस्कार मंडळी. विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज धागा काढतोच.

मी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या उत्तरेला, मेर्क्सेममध्ये राहतो. मागच्या खिडकीतून रिंग रोडचा उड्डाणपूल दिसतो. दिसतो म्हणजे काय, तोच दिसतो. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की बोटाला काजळ लागतं, परत पुसा, परत चार दिवसांनी तेच. मुलगी लहान असताना रात्री विचारायची, "बाबा, समुद्र एवढा जवळ आहे?" तो आवाज ट्रकांचा होता.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इथल्या आर-१ ला सगळे 'रिंग' म्हणतात, पण तो गोल नाहीच. साधारण १४ किलोमीटरची घोड्याची नाल आहे. १९६९ साली दक्षिणेला नदीखालचा केनेडी बोगदा उघडला, रस्ता शहराला पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेला आला, आणि तिथेच थांबला. नालेचं तोंड वायव्येला उघडं राहिलं, कारण तिथे स्खेल्ड नदी आणि बंदराच्या गोद्या. त्यामुळे पश्चिमेकडून, गेंटहून येणारा आणि हॉलंडला जाणारा माणूस आधी दक्षिणेला उतरतो, केनेडी बोगद्यात घुसतो आणि सगळ्या शहराला प्रदक्षिणा घालून माझ्या खिडकीखालून जातो.

ही नाल पूर्ण करायचा प्रकल्प म्हणजे ओस्टरवेल जोडरस्ता. मूळ आराखड्यात गोद्यांवरून भलामोठा पूल होता. २००९ साली शहरात सार्वमत झालं, लोकांनी पूल नाकारला. २०१० मध्ये फ्लेमिश सरकार, म्हणजे इथलं प्रांतिक सरकार, बोगद्यावर आलं. नदीपलीकडची कामं सुरू व्हायला २०१८ उजाडलं. अजून खणाखणी चालूच आहे.

माझा प्रश्न साधा आहे. पूल तेव्हाच बांधला असता तर एव्हाना वापरून जुना झाला असता. थांबलो ते शहाणपण, की हट्ट? मी स्वतः विरोधकांच्या बाजूचा, सभांना जायचो. पण परवा मुलगी म्हणाली, "बाबा, मी शाळेत होते तेव्हापासून तुम्ही बोगद्याबद्दल बोलताय, आता मी नोकरीला लागले." तेव्हापासून जरा डळमळलोय.

मोडकी_छत्री

रिंग म्हणायचं आणि गोल नाही. आमच्या ऑफिसात राउंड टेबल बैठक असते, टेबल चौकोनी आहे.

खडीवाला

छान विषय. बोगद्यांच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही.

पहिली गोष्ट, गोल पूर्ण नसणं ही अँटवर्पची खासियत नाही. रिंग रोडचा शेवटचा तुकडा शेवटी राहतो, कारण तोच सगळ्यात अवघड असतो. सोपी शेतजमीन आधी होते. मग नदी, बंदर, जंगल किंवा श्रीमंतांची वस्ती असा तुकडा उरतो. पॅरिसच्या ए-८६ चं बाकी सगळं झालं आणि पश्चिमेला व्हर्सायच्या बाजूची जंगलं नि टुमदार उपनगरं आडवी आली. शेवटी तिथे १० किलोमीटरचा बोगदा करून २०११ च्या जानेवारीत वर्तुळ बंद केलं. स्टॉकहोमची दक्षिण बाजू २००४ ला झाली, उत्तर बाजू २०१४ ला, पूर्वेचा पाण्याखालचा तुकडा कागदावरच. प्रागने २०१५ मध्ये साडेपाच किलोमीटरचा ब्लांका बोगदा उघडला, तरी शहरातलं वर्तुळ ईशान्येला तुटलेलंच.

आणि ज्याला सगळे आदर्श मानतात तो लंडनचा एम-२५! १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये थॅचरबाईंनी वाजतगाजत पूर्ण केला. पण डार्टफर्डला थेम्स ओलांडणारा तुकडा कायद्याने मोटरवे नाहीच, तो ए-२८२. म्हणजे नियमावर बोट ठेवलं तर तोही गोल अपुराच.

मोडकी_छत्री

@खडीवाला, म्हणजे जगात एकच पूर्ण गोल आहे, तो आमच्या साहेबांच्या पोटाचा. (कृ. ह. घ्या.)

दुसरी_बाजू

सगळे एका सुरात गाणार दिसतंय, म्हणून मी बेसूर होतो.

त्या सार्वमतात नकार किती? सुमारे ५९ टक्के. मतदान किती? ३५ टक्क्यांच्या आसपास. गुणाकार करा. मतदारांपैकी जेमतेम पाचातल्या एकाने पूल नाकारला. शिवाय सार्वमत सल्ल्यापुरतं, बंधनकारक नव्हतंच. आणि रिंगच्या रांगेत रोज उभा असणारा माणूस? तो शहराबाहेरचा, त्याला मतच नाही.

अर्धवर्तुळ, तुमच्या खिडकीवर काजळ बसतं त्याबद्दल सहानुभूती आहेच. पण नाल उघडी राहिली म्हणूनच सगळा भार तुमच्या बाजूने गेला ना? पूल झाला असता तर तुमच्या चौकटीवरचं निम्मं काजळ कमी झालं असतं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात आणि आता तोच धोंडा दाखवताय.

अर्धवर्तुळ

@दुसरी_बाजू, टोमणा मान्य, अर्धाच. आकड्याचं म्हणणं बरोबर आहे. पण जे मतदानाला आले नाहीत ते सगळे पुलाच्या बाजूचे होते असं तुम्ही गृहीत धरताय.

दुसरं, त्या पुलाला 'निम्मं काजळ कमी करणारा' म्हणणं म्हणजे फारच झालं. तो पूल उत्तरेला येऊन याच मेर्क्सेमच्या उड्डाणपुलाला भिडणार होता. दक्षिणेचा भार कमी झाला असता, आमचा नाही. आमच्याकडे दोन्हीकडून आले असते.

केतकी_व

त्या पुलाचं नाव काय होतं ते कुणी सांगितलंच नाही. लांगे वाप्पर! अँटवर्पच्या दंतकथांमधलं भूत आहे ते. हवं तेव्हा लहान होतं, हवं तेव्हा ताडमाड वाढतं, आणि रात्री वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत डोकावून माणसांना घाबरवतं. नदीकाठच्या जुन्या किल्ल्यासमोर त्याचा पुतळाही आहे, कमरेवर हात ठेवून उभा, खाली दोन दारुडे मान वर करून बघतायत.

आता सांगा, लोकांच्या खिडक्यांबाहेरून जाणाऱ्या उंच पुलाला हे नाव सुचवणारा सरकारी अधिकारी नेमका कोणाच्या बाजूचा होता?

अर्धवर्तुळ

केतकीताई, सभेत हे तेव्हा सुचलं असतं तर भाषण करावंच लागलं नसतं!

पुरवठेदार

मी मालवाहतुकीत आहे, दिवसभर ड्रायव्हर लोकांचे फोन घेतो. माझी बाजू ऐका.

युरोपात नियम असा की साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायचीच, सगळं यंत्रात नोंदलं जातं. केनेडी बोगद्याच्या रांगेत ट्रक सरपटत असतो तेव्हाही घड्याळ चालूच. एकदा आमचा एक ड्रायव्हर उतरवायच्या जागेपासून २० मिनिटांवर होता आणि त्याचे तास संपले. गाडी लावून बसला. तिकडे गोदाम बंद झालं, माल दुसऱ्या दिवशी उतरला. त्या दिवशी मला सगळ्यांकडून शिव्या. पुलाला विरोध करणारे मला तेव्हा भेटले असते तर... जाऊ दे.

पण प्रामाणिकपणे दुसरंही सांगतो. उत्तरेला बंदरातून जाणारा लिफ्केन्सहुक बोगदा १९९१ पासून उभा आहे, तो बऱ्याच वेळा मोकळा असतो. का? टोल आहे. आमच्या हिशेबनिसाला टोलची पावती दिसते. रांगेत जळालेल्या डिझेलची पावती वेगळी येत नाही. म्हणजे रस्ता होता, आम्हीच जात नव्हतो. जिथे शहर, तिथे फुकट. जिथे माणूस राहत नाही, तिथे पैसे. उलटं करायला हवं होतं. योजनेप्रमाणे नवा बोगदा झाल्यावर ट्रकांना केनेडीत बंदी आणि नवीन बोगद्याला टोल असं काहीसं आहे, ते आधीच करून बघता आलं असतं.

खडीवाला

@पुरवठेदार, हा धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. काँक्रीट न ओतता रिंग पूर्ण करायचा तो एक मार्ग होता.

सुतावरून_स्वर्ग

उगाच वाद घालताय. पूल बांधा, बोगदा बांधा, पाच वर्षांत परत तुंबणार. अमेरिकेत अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं, की शहरातला हमरस्ता कितीही रुंद करा, गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतो. जे आधी रांगेच्या भीतीने रेल्वेने जात होते, लवकर निघत होते किंवा जातच नव्हते, ते सगळे परत येतात. डबक्यात खड्डा खणला की पाणीच येणार.

दुसरी_बाजू

मग डबकं तसंच ठेवायचं आणि त्यात मुलांना पोहायला सोडायचं?

सुतावरून_स्वर्ग

नाही, पाणी कुठून येतंय ते बघायचं. २०१७ मध्ये पुलाच्या विरोधकांनी सरकारशी जो करार केला त्यात बोगद्याइतकंच महत्त्वाचं कलम आहे: या भागातल्या प्रवासांपैकी निम्मे तरी मोटारीशिवाय झाले पाहिजेत. ते कलम पाळलं नाही तर बोगदा म्हणजे फक्त जमिनीखालची रांग.

बाल्कनीतला_कावळा

माद्रिदहून रामराम. आमच्याकडे हे नाटक होऊन गेलंय, तर शेवटचा अंक सांगतो.

इथला एम-३० हा आतला रिंग रोड, सुमारे ३२ किलोमीटर. मान्झानारेस नदीच्या दोन्ही काठांना लागून सहा पदरी रस्ता पळायचा. नदी म्हणजे दोन रस्त्यांमधलं गटार. मग महापौर रुइस-गायार्दोन यांनी २००४ ते २००७ मध्ये तो सगळा जमिनीखाली घातला. दक्षिणेच्या बाजूला १५ मीटर व्यासाची खोदयंत्रं उतरवली, त्या काळातली जगातली सगळ्यात मोठ्यांपैकी. शहर तीन-चार वर्षं नुसतं उकरलेलं. लोक महापौरांना फारोह (इजिप्तचा जुना राजा) म्हणून चिडवायचे, आणि शहराच्या डोक्यावर जे कर्ज झालं ते फेडता फेडता पुढच्यांच्या नाकी नऊ आले.

मी त्या बोगद्यावर राहतो आता, शब्दशः. २०११ पासून वर बाग आहे. संध्याकाळी खाली उतरलं की पाइनची झाडं, घसरगुंड्या, नदीत बगळे. पायाखाली गाड्या आहेत हे फक्त झाडीत लपवलेल्या हवेच्या धुराड्यांवरून कळतं. माझ्या मजल्यावरच्या आजीबाई सांगतात, आधी त्या २५ वर्षं नदीकडची खिडकी उघडत नव्हत्या.

तर मला 'बोगदा महाग पडतो' म्हणणाऱ्यांशी वाद नाही. पडतोच. आणि गंमत म्हणजे एवढं करूनही आमच्या एम-३० वर उत्तरेच्या टप्प्यात आजही सिग्नल आहेत!

मोडकी_छत्री

हायवेवर सिग्नल. आता मला घरच्यासारखं वाटायला लागलं.

शेवग्याची_शेंग

मला एक बाळबोध शंका आहे, हसू नका. नदीखाली बोगदा खणतात तेव्हा पाणी आत कसं येत नाही?

खडीवाला

हसणार नाही, हाच तर खरा विषय आहे. 😀

इथे नदीखाली खणतच नाहीत. बुडवतात. बोगद्याचे काँक्रीटचे तुकडे दुसरीकडे कोरड्या गोदीत बनवायचे. अँटवर्पचे झेब्रुखला, म्हणजे समुद्रकाठी बनतात. आठ तुकडे, एकेक १६० मीटर लांब, वजन ६०,००० टनांच्या घरात. दोन्ही टोकं भिंतींनी बंद करायची, गोदीत पाणी सोडायचं, आणि हे धूड चक्क तरंगतं, कारण आत पोकळी आहे. टगबोटी त्याला समुद्रातून आणि मग नदीच्या मुखातून ओढत आणतात.

इकडे नदीच्या तळाशी आधी चर खणून ठेवलेला असतो. तुकडा वर आणून आतल्या टाक्यांत पाणी भरायचं, की तो हळूहळू खाली बसतो. स्खेल्डला अँटवर्पपाशी भरती-ओहोटीत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो, म्हणजे प्रवाह जोरदार. त्यामुळे पाणी थबकतं त्या थोड्या वेळातच नाजूक काम उरकायचं.

आता कानात प्राण आणून ऐका. तुकड्याच्या टोकाला जाड रबराची कडा असते. ती आधीच्या तुकड्याला टेकली की दोन बंद भिंतींच्या मध्ये थोडं पाणी अडकतं. ते पंपाने काढून टाकायचं. काढलं, की पलीकडच्या टोकावर नदीचा सगळा दाब एकतर्फी पडतो आणि तुकडा आपोआप ढकलला जाऊन रबर दाबून बसतो. म्हणजे ज्या पाण्याला आपण घाबरतो तेच सांधा घट्ट करतं. मी पहिल्यांदा आतून ते बघितलं तेव्हा सांध्याखाली हात लावून पाहिला होता. कोरडा. माझा साहेब म्हणाला, "चाटून बघ, खारट लागलं तर पळ."

शेवग्याची_शेंग

बापरे, भारी! शेवटच्या वाक्यासाठी दोन मार्क जास्त.

निमूट

मला बोगद्याची भीती वाटते. १९९९ मध्ये माँ ब्लांकच्या बोगद्यात ट्रक पेटून ३९ माणसं गेली, ते विसरता येत नाही. पुलावर निदान आकाश दिसतं.

खडीवाला

भीती रास्त आहे. पण तो एकाच नळीतला दुतर्फा बोगदा होता, धुराला आणि माणसाला वाट एकच. त्यानंतर २००४ मध्ये युरोपने बोगद्यांसाठी सुरक्षेचे नियमच केले. आता गर्दीच्या नव्या बोगद्यांत दिशेगणिक वेगळी नळी, पंखे धूर वाहतुकीच्या दिशेने ढकलतात, आणि ठरावीक अंतरावर सुटकेची दारं असतात. गाडीतून उतरायचं, किल्ली तशीच ठेवायची, दाराकडे जायचं. लोक मरतात ते बहुधा गाडीत बसून 'बघू काय होतं ते' करत राहिल्यामुळे.

टपावरची_सायकल

पॅरिसच्या त्या ए-८६ बोगद्याबद्दल माझी दर्दभरी कहाणी. तो एकाच नळीत दोन मजली आहे, एक दिशा वर, दुसरी खाली. छत इतकं बुटकं की दोन मीटरपेक्षा उंच गाडीला प्रवेशच नाही. ट्रक नाही, मोटरसायकलही नाही.

आम्ही सुट्टीला निघालो, गाडी दीड मीटर उंच, म्हटलं काय प्रश्नच नाही. टपावर दोन सायकली होत्या हे मी विसरलो. उंची मोजणारं यंत्र विसरलं नाही. लाल दिवे, भोंगा, बाजूला घ्या. मागे रांग, शेजारी बायको शांतपणे नकाशा बघतेय. ती शांतता बोगद्यापेक्षा लांब होती.

केतकी_व

सायकलवरून आठवलं, अँटवर्पच्या नव्या बोगद्यात सायकलींसाठी सहा मीटर रुंदीची वेगळी नळी आहे. पुलावरून एवढ्या वाऱ्यात कोणी गेलं असतं? आणि तसाही या शहराला नदीखालून चालत जायची जुनी सवय. सिंत-आना पादचारी बोगदा १९३३ चा, ५७२ मीटर लांब, ३१ मीटर खोल, आणि त्याचे सरकते जिने अजून लाकडी आहेत. चालताना करकरतात. मी पाहुण्यांना आधी तिथेच नेते.

चौफुली

सगळे बोगद्यावर तुटून पडलेत, जंक्शनांकडे कोणी बघेना. खरी कोंडी तिथे होते, भाऊ.

जुन्या क्लोव्हरलीफमध्ये, म्हणजे चार पाकळ्यांसारख्या वळणांच्या जंक्शनात, चढणारा आणि उतरणारा एकाच छोट्या तुकड्यात एकमेकांना छेद देतात. ह्याला उजवीकडे जायचंय, त्याला डावीकडे. दहा गाड्या असतील तर विणकाम, हजार असतील तर गाठ. आणि ही गाठ सोडवायची वाहतूक चालू ठेवून! मेर्क्सेमला तेच चाललंय: आधी बाजूला तात्पुरता रस्ता, गाड्या त्यावर वळवायच्या, मग जुना उड्डाणपूल पाडायचा, मग त्याच जागी रस्ता खाली घालायचा. धावत्या माणसाची चप्पल बदलण्याचा प्रकार.

दुसरी_बाजू

आणि माती? जवळच्या रसायन कारखान्यामुळे त्या भागातल्या मातीत पीएफएएस, म्हणजे वर्षानुवर्षं न विरणारी घातक रसायनं, सापडलं, २०२१ मध्ये केवढा गहजब झाला. अंड्यांपासून भाजीपर्यंत लोकांना सूचना. न्यायालयाने मातीकाम रोखलं. पुलाला एवढं खणावं लागलं नसतं. बोलत नाही कोणी त्यावर.

केतकी_व

खणलं म्हणून ते कळलं आणि चर्चेत आलं, हेही खरं आहे ना. ते विष मातीत आधीपासून होतं. नदीपलीकडची कामं दोन्ही आराखड्यांत होतीच.

दुसरी_बाजू

हं. हा मुद्दा मला धरावा लागेल.

मोडकी_छत्री

दिनांक नोंदवून ठेवा, दुसरी_बाजूने पहिली बाजू धरली.

पुरवठेदार

मूळ प्रश्नाकडे येतो, धागा भरकटलाय. (मीच भरकटवला.)

थांबणं बरोबर होतं का, याचं उत्तर मला असं वाटतं. वर्षं बोगद्यामुळे गेली नाहीत. आधी नकाशा पक्का करून मग लोकांना विचारलं, त्यामुळे गेली. रहिवाशांच्या दोन संघटना, त्यातल्या एकीचं नावच 'आदेमलोस', म्हणजे श्वास कोंडलेले, पर्यायी आराखडा घेऊन उभ्या होत्या, तेव्हा त्यांना कटकटे समजलं गेलं. २०१७ मध्ये त्याच लोकांबरोबर एका टेबलावर बसून करार केला. तीच माणसं, तीच नदी. टेबल आधी मांडलं असतं तर माझ्या ड्रायव्हरचे तास वाचले असते. म्युनिकमध्ये १९९६ ला लोकांना आधी विचारलं, मधल्या रिंगवर तीन बोगदे हवेत का. लोक हो म्हणाले. शेवटचा २०१५ ला उघडला. तिथेही १९ वर्षं लागली, पण भांडण्यात नाही, बांधण्यात.

दुसरी_बाजू

हे पटलं. तरी मी पुलाच्याच बाजूचा.

अर्धवर्तुळ

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. पुरवठेदार, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग सभांना जायच्या आधी यांना का नाही भेटलात?"

रविवारी दोघं सायकलने ओस्टरवेलला जाऊन आलो. ज्या गावाच्या नावावर हे सगळं चाललंय ते गाव आता नाहीच, बंदर वाढवताना पन्नासच्या दशकात उठवलं. फक्त चर्च ठेवलं. आजूबाजूची जमीन भराव टाकून इतकी उंच केली, की चर्च आज खड्ड्यात उभं दिसतं, पायऱ्या उतरून दारापाशी जावं लागतं. चहूकडे क्रेन, मातीचे ढीग, टाक्या. आम्ही खाली उतरलो तर ट्रकांचा आवाज एकदम कमी झाला. मुलगी म्हणाली, "खाली गेलं की असं वाटतं तर."

फोटो काढलेत, पण इथे चढवता येत नाहीयेत. कोणी सांगेल का कसे चढवायचे?

मोडकी_छत्री

आधी आराखडा काढा, मग सार्वमत घेऊ.